पुढं, मागं, संगं

(सटाणा येथे प्रौढ वर्गाच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज आम्हाला कवितेवर बोलावयास सांगितले आहे. कविता म्हटले की पुष्कळांना जांभई येते. छत्तीस वर्षे मास्तरकी केली, तेवढी वर्षे आम्ही त्या जांभया पाहिल्या आहेत. म्हणून घाबरू नका. आजची कविता चारच ओळींची आहे. ती कोणा मोठ्या कवीची नाही. तुमच्यासारख्याच एका बाईने ती केली आहे. गेल्या वर्षी ती वर्गात आली, तेव्हा तिला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते.

तिचे नाव आम्ही सांगणार नाही. गावही सांगणार नाही. आरम नदीच्या काठचे एक गाव, एवढेच धरून चाला. तिची सांगायला हरकत नाही. पण तिला दोन भाऊ आहेत, त्यांची अब्रू आहे. आणि थोडी आमचीही अब्रू यात गुंतलेली आहे. ती कशी, ते पुढे कळेलच.

आता कविता ऐका.

बाप चाले पुढं पुढं,
माय चाले मागं मागं;
केस पिकले बापाचे,
थांबे, म्हणे, "चाल संगं."

संपली.

वर्गात तिने ही पाटीवर लिहिली होती. 'म्हणे' हा शब्द तिने 'महणे' असा लिहिला होता. आमच्या हाताला सवय. आम्ही लगेच खडू उचलला, म हा जोडून दाखवावा म्हणून. पण मग चारही ओळी वाचल्या आणि खडू तसाच हातात राहिला.

मंडळी, ही कविता कशी चालते ते पाहा. तिच्यात एकही अवघड शब्द नाही. चंद्र नाही, फूल नाही. तीन साधे शब्द आहेत: पुढं, मागं आणि संगं. पहिल्या दोन ओळींत बाप एकीकडे आणि माय एकीकडे आहे. चौथ्या ओळीत दोघे एका ठिकाणी येतात. मध्ये काय झाले? केस पिकले. पन्नास वर्षांचा संसार तिने तिसऱ्या एका ओळीत घातला आहे.

पुढे-मागे चालणे म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. यशवंतराव महाराजांच्या यात्रेला खेड्यापाड्यांतून माणसे सटाण्याला येत, तेव्हा आम्ही लहानपणी रस्त्याकडेला उभे राहून पाहात असू. पुढे धोतर-टोपीवाला झपाझप चाललेला. मागे दहा-वीस पावलांवर त्याची बायको, काखेत मूल, डोक्यावर गाठोडे. तो वळून पाहात नसे. बायकोबरोबर चालला तर लोक हसतील, ही त्याला लाज. ती पुढे गेली तर लोक नावे ठेवतील, हा तिला धाक. दोघांचे भांडण होते असे नव्हे. तशी रीतच होती.

आमच्या घरीही तेच होते. आमच्या आईने वडिलांचे नाव उखाण्याशिवाय कधी घेतले नाही. रेशनकार्डावर नाव सांगायचे तरी ती आम्हाला पुढे करी. वडील सत्तरीला आले तेव्हा एकदा विहिरीवर पाय घसरून पडले. आई कांद्याच्या वाफ्यात निंदत होती. तिने तिथून वडिलांच्या नावाने हाक मारली. नुसते नाव, पुढे 'राव' नाही की काही नाही. चार शेतांवर ऐकू गेली. वडिलांना फार लागले नव्हते. पण त्या दिवसापासून ती त्यांना नावानेच हाक मारू लागली आणि ते ओ देऊ लागले. आम्ही मुले आपली एकमेकांकडे पाहात राहिलो.

आता त्या बाईच्या कवितेकडे येऊ. वर्गात एक वयस्क गृहस्थ आहेत, माळकरी, भले माणूस. त्यांना ही कविता रुचली नाही. ते म्हणाले, "गुरुजी, आईबापाची घरातली गोष्ट अशी पाटीवर कशाला? घरातलं घरात राहावं."

त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावले नाही. पण त्यांना आपल्याच जिल्ह्यातली एक हकीकत सांगितली. ती तुम्हालाही सांगतो.

नाशिकजवळ जलालपूर म्हणून गाव आहे. तिथे 1868 साली एका ब्राह्मणाच्या घरी एक मुलगी जन्मली. घरात सोवळ्याओवळ्याचा फार कडक कारभार. मुलगी शाळेत गेली नाही. 1880 साली, अकराव्या वर्षी, तिचे लग्न झाले. नवरा अठरा वर्षांचा. त्याचे नाव नारायण वामन टिळक. पुढे ते मोठे कवी झाले. पारध्याने मारलेल्या पाखराची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आम्ही वर्षानुवर्षे पोरांकडून पाठ करून घेतली, ती त्यांचीच. आणि ती मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

टिळक मनाचे उदार, पण रागीट आणि लहरी. मनात आले की न सांगता घरातून निघून जायचे. बायकोने मागे वाट पाहायची. 1895 साली तर त्यांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म घेतला. त्या काळी केवढा गहजब! नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना लहान मुलासह आपल्याकडे ठेवून घेतले. नवरा जिवंत, बायको जिवंत, आणि दोघांची ताटातूट. अशी काही वर्षे गेली.

मग लक्ष्मीबाई टिळकांकडे गेल्या. धर्म बदलून गेल्या नाहीत बरे का. नवऱ्याच्या घरी राहूनही आपले सोवळे पाळीत होत्या. इथे टिळकांचा आम्हाला आदर वाटतो. एवढा तापट माणूस, पण तिच्यावर त्यांनी जबरदस्ती केली नाही. वाट पाहिली. पुढे जातपात माणसाने केली आहे असे लक्ष्मीबाईंना स्वतःला पटले आणि 1900 साली त्यांनीही तो धर्म घेतला. कोणी कोणता धर्म घ्यावा हा आजचा विषय नाही. जो पूर्वी न सांगता निघून जायचा तो थांबायला शिकला, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे.

टिळकांनी उतारवयात एक फार मोठे काव्य लिहावयास घेतले. 'ख्रिस्तायन' त्याचे नाव. दहा-अकरा अध्याय झाले आणि 1919 साली ते वारले. काव्य अर्धेही झाले नव्हते. मग ते कोणी पुढे नेले? लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही, जी नवऱ्याच्या उत्तेजनाने लग्नानंतर लिहा-वाचायला शिकली, तिने त्या काव्याचे चौसष्ट अध्याय लिहिले. आकडा पुन्हा सांगतो, 64. गुरूचे अकरा आणि शिष्येचे चौसष्ट!

आणि आपल्या माळकरी बुवांच्या प्रश्नाचे उत्तर पुढेच आहे. मुलाने आग्रह धरला म्हणून लक्ष्मीबाईंनी आपल्या संसाराच्या आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे' हे ते पुस्तक. 1934 पासून ते भागाभागाने छापून आले. 1936 साली त्या वारल्या. त्या पुस्तकात नवऱ्याचा राग आहे, लहर आहे, घरातली चणचण आहे, आपली स्वतःची फजिती आहे. काही झाकले नाही. पण वाचताना नवऱ्याची निंदा चालली आहे असे कुठे वाटत नाही. आपण हसतो, आणि हसता हसता तो माणूस आपल्याला आवडू लागतो. मराठीतले हे पहिल्या रांगेतले पुस्तक. तुम्ही आणखी थोडे सराईतपणे वाचू लागलात की आमच्याकडून घेऊन जा. भाषा तुमच्या-आमच्या घरातली आहे.

बुवा ऐकून घेऊन म्हणाले, "ती थोर बाई. तिचं निराळं." मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "पण गुरुजी, ह्या पोरीनं आताच का लिहिलं? तिची माय तर किती वर्षं मागं चालत होती."

प्रश्न बरोबर होता. आणि त्याचे उत्तर आम्हाला ठाऊक होते. म्हणूनच आमचा खडू हातात राहिला होता.

मंडळी, आता अब्रूची गोष्ट.

त्या बाईचे माहेर गावातच. चार एकर जमीन, दोन भाऊ. डाळिंबाची बाग होती. आपल्या बागलाणात डाळिंबाने घरे उभी केली आणि तेल्या रोगाने बसवली, हे सगळ्यांना माहीत आहे. फळाला डाग पडले, फळे तडकली, बाग उपटावी लागली. कर्ज मात्र उपटता येत नाही. भावाभावांत धुसफूस सुरू झाली. शेवटी वाटणी ठरली. पंच म्हणून गावातली तीन माणसे बसली. त्यांत आम्ही होतो. लिहिणारे आम्हीच, कारण आमचे अक्षर चांगले.

जमीन निम्मी निम्मी झाली. विहीर सामाईक, पाण्याची पाळी आठ-आठ दिवसांची. कांद्याच्या चाळीचे दोन खण याला, दोन त्याला. ट्रॅक्टरच्या हप्त्यावरून तासभर वाद झाला. मग राहिले आईबाप.

थोरला मळ्यात राहतो. त्याची पोरे लहान, बायको दिवसभर शेतात. त्याला घरी बाईमाणूस हवे होते. धाकट्याचे गावात घर आहे आणि पुढच्या खोलीत किराणा दुकान. त्याला गल्ल्याजवळ बसायला माणूस हवे होते. दोघेही भाऊ म्हणाले, "दोघांचा भार एकावर नको." आम्हाला ते न्यायाचे वाटले. आम्ही लिहिले: 'आई थोरल्याकडे. वडील धाकट्याकडे. अन्न, वस्त्र, औषध ज्याचे त्याने पाहावे.' वळणदार अक्षरात लिहिले. खाली सह्या झाल्या.

म्हातारा ओट्याच्या कोपऱ्यात बसला होता. आम्ही विचारले, "बाबा, बरोबर ना?" तो म्हणाला, "गुरुजींना वाटंल तसं." म्हातारी घरात होती. तिला कोणी विचारले नाही. आतून चहाच्या कपबश्या तेवढ्या आल्या. आम्ही चहा घेतला आणि घरी आलो. रात्री चांगली झोप लागली.

कोणी वाईट नव्हते, हे लक्षात ठेवा. सुना म्हणाल, तर त्यांचेही खोटे नव्हते. म्हाताऱ्या माणसाचे करायला सुनेचेच हात लागतात आणि निवाड्याला मात्र पुरुष बसतात. त्यांना तरी आम्ही कुठे विचारले होते?

सरकारने 2007 साली आईबापांसाठी कायदा केला. मुले सांभाळीत नसतील तर प्रांतांकडे अर्ज करता येतो. चांगला कायदा आहे. ज्यांना गरज असेल त्यांनी लाजू नये. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी हे सगळे त्यात मोजले आहे. आम्ही लिहिलेला कागद त्या कायद्याला धरूनच झाला म्हणावा लागेल. म्हातारा-म्हातारीने एका घरात राहावे, असे त्या यादीत शब्दाने लिहिलेले नाही. कायदा करणाऱ्यांना ते लिहायची गरज वाटली नसेल.

पुढे काय झाले ते आम्हाला त्या बाईनेच सांगितले. पाटी पुसून झाल्यावर सांगितले.

तिचा बाप जन्मभर तिरसट. भाकरी जरा करपली तर ताट सरकवायचा. बायको जेवली का, हे त्याने कधी विचारले नाही. पण साठी उलटली, गुडघे धरले, आणि शेतातला हुकूम मुलांच्या हातात गेला. दिवसभर घरी बसून राहिल्यावर माणूस काय पाहणार? तो बायकोकडे पाहू लागला. ही बाई पहाटे किती वाजता उठते, किती वेळा वाकते, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. एके दिवशी तो जेवायला बसला आणि ताटाला हात लावीना. म्हणाला, "तुझं पण वाढून घे." ती म्हणाली, "इश्श, पोरं हसतील." तो म्हणाला, "हसू दे."

म्हातारीही बदलली. पूर्वी तोंडातून शब्द नाही. आता ती त्याच्यावर डाफरायची. बिडी ओढू नका, थंडीत फिरू नका, टोपी घाला. तो ऐकून घ्यायचा. संसार म्हातारपणी साखरेसारखा गोड होतो, असे आम्ही म्हणत नाही. काही घरांत म्हातारा आणखी कडू होतो, तेही आम्ही पाहिले आहे. पण या घरात पन्नास वर्षे एकाच दिशेने वाहिलेले पाणी थोडे परत फिरले होते.

दोघांनाही गोळ्या होत्या. त्याला रक्तदाबाची, तिला साखरेची. दोघांनाही वाचता येत नाही. मग त्यांनी एक युक्ती केली होती. तिची गोळी त्याने लक्षात ठेवायची, त्याची तिने. आपली गोळी माणूस विसरतो, पण दुसऱ्याची विसरत नाही. "अहो, तुमची पांढरी घेतली का?" "घेतली. तुझी पिवळी?" असे रोज चालायचे.

वाटणी झाली आणि ही युक्ती मोडली. गोळ्या घरात होत्या. दोन्ही मुलांनी वेळेवर आणल्या होत्या. विचारणारे माणूस तेवढे दीड मैलावर गेले. तिसऱ्या महिन्यात म्हातारीला चक्कर येऊन ती मळ्यात पडली. सटाण्याला दवाखान्यात न्यावे लागले. तेव्हापासून म्हातारा रोज संध्याकाळी दुकानातून उठतो, काठी घेतो आणि मळ्याची वाट धरतो. दुखऱ्या गुडघ्याने दीड मैल जायचे. ओट्यावर बसायचे. पिवळीची चौकशी करायची. पांढरीची तिने करायची. अंधार पडायच्या आत परत निघायचे. ती त्याला बांधापर्यंत पोचवायला येते. परत जाताना तो पुढे जात नाही. थांबतो. म्हणतो, "चाल संगं."

आणि ती जाऊ शकत नाही. कारण कागद झालेला आहे.

मंडळी, कवितेतली चौथी ओळ ही आहे. आम्ही आधी समजलो होतो की बाईने म्हातारपणाच्या सुखाची कविता केली. तशीच ती वाटते. तिने आमचे नाव त्यात घातले नाही. ती आमच्यासमोर बसून म हा जोडून लिहायला शिकत होती आणि आम्ही तिच्या आईबापाला तोडून लिहिले होते.

तिने वर्गात यायला सुरुवात कशासाठी केली, हेही मग कळले. गोळ्यांच्या पाकिटावरची नावे वाचायला. आता ती रविवारी दोन्ही घरी जाते आणि आठवड्याच्या गोळ्या कागदाच्या पुड्यांत बांधून देते. पुडीवर वार लिहिते. 'सोमवार', 'मंगळवार'. 'शुक्रवार' लिहिताना अडते, पण लिहिते.

आता तुम्ही विचाराल, "गुरुजी, मग तुम्ही काय केलं?"

आम्ही पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या दोघा भावांकडे गेलो. पहिल्यांदा दोघांच्या बायकांशी बोललो. थोरल्याची बायको स्पष्ट म्हणाली, "सासूबाई गेल्या तर माझी पोरं कोण बघंल? आणि दोघं आले तर दोघांचं मी एकटीनं का?" आम्ही म्हटले, बरोबर आहे. धाकट्याच्या बायकोने सुचवले की चाळीच्या टोकाला एक खोली आहे, मळ्यातच, थोरल्याच्या घराच्या हाकेवर. तिथे दोघांना राहू द्यावे. दुकानाकडून महिन्याचा किराणा आणि औषध यावे, मळ्यातून दूध आणि भाजी. म्हाताऱ्याने गल्ल्यावर बसायचे बंद झाले तर ती स्वतः बसेल. पोरगी सातवी शिकलेली आहे. हे तिला सुचले, तीन पंचांना सुचले नव्हते.

मग आम्ही म्हातारीला विचारले. ह्या वेळी विचारले. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "त्यांना विचारा." म्हाताऱ्याला विचारले. तो म्हणाला, "तिला विचारा."

आम्ही जुना कागद मागवला. आमच्या त्या वळणदार अक्षराखाली आणखी एक ओळ लिहिली: 'आई व वडील एकत्र, चाळीजवळच्या खोलीत. खर्च दोघांचा.' या वेळी अक्षर थोडे हलले. धाकट्याने लगेच सही केली. थोरल्याने कागद दोनदा वाचला. त्या खोलीत सध्या त्याच्या वाटणीचे कांदे भरलेले आहेत. भाव पडलेला आहे. तो म्हणाला, "माझी ना नाही गुरुजी. पण कांदे विकले जाऊ द्या. मग खोली मोकळी करतो."

कांदे अजून खोलीत आहेत. आम्ही दर सोमवारी बाजार समितीचा भाव पाहतो. आमच्या घरी एक गुंठाही कांदा नाही, तरी पाहतो. आणि ती बाई पाटीवर दुसरी ओवी करते आहे. पहिल्या दोन ओळी झाल्या आहेत, पुढच्या दोन अजून व्हायच्या आहेत.